पावणेचारचा सूर्यास्त

मागील महिन्यात वणीचे एक स्नेही आमच्या मारेगावच्या दुकानी आले. त्यांचा मुलगा व सून नोकरीनिमित्त इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ या गावी राहावयास जात आहेत. “तुमची लेक तिकडे समुद्राकाठीच राहते. तुम्ही सहा महिने राहूनही आलात. जाण्यापूर्वी काय काय माहीत असावे, ते जरा लिहून द्या,” असे ते म्हणाले. मी कापडाचा व्यापारी. लिहिण्याचा सराव खातेवहीपुरताच. तरीही यादी करावयास बसलो. यादी पूर्ण झाली तेव्हा लक्षात आले की तीत जाणाऱ्यासाठी सर्व काही आले आहे. पाठविणाऱ्याने काय जाणून घ्यावे, ते मात्र राहून गेले आहे. ते लिहावयाचे तर स्वतःची चूक सांगावी लागते. म्हणून हा लेख.

आमची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. इंग्लंडच्या आग्नेय टोकास केंट परगण्यात रॅम्सगेट नावाचे बंदर आहे. तेथे ती राहते व शेजारच्या गावातील रुग्णालयात काम करते. जावई लंडनला नोकरी करतात. रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि भाडे लंडनच्या मानाने पुष्कळ कमी, म्हणून त्यांनी हे गाव निवडले. जाण्याच्या आदल्या दिवशी मी देवघरासमोर बसवून तिच्याकडून तीन नियम घेतले: कंदमूळ खाणार नाही, रात्रिभोजन करणार नाही, आणि नवकाराची एक माळ चुकविणार नाही. तिने हात जोडून होकार दिला. माझ्या मनावरील ओझे उतरले. ते तिच्या खांद्यावर गेले, हे मला तेव्हा उमगले नाही.

आम्ही उभयता ऑक्टोबरच्या मध्यास तेथे पोहोचलो. वर्धा नदीच्या पुराखेरीज मोठे पाणी न पाहिलेल्या माझ्यासारख्यास समुद्राने प्रथम भयच वाटले. खडूच्या पांढऱ्या कड्यांखाली सकाळी लांबवर वाळू पसरलेली असते. दुपारी त्याच जागी पाणी कड्याला धडकत असते. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते व तिची वेळ रोज पुढे सरकते. वेळ न पाहता कड्याखालून फिरावयास गेलेला मनुष्य पाण्यात कोंडला जातो. म्हणून यादीतील पहिली गोष्ट हीच: समुद्र पाहण्याआधी भरतीचे कोष्टक पाहावे. पोहावयाचे असल्यास जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येच पोहावे. पाणी जूनमध्येही थंडगार असते. संकट दिसल्यास स्वतः उडी न मारता ९९९ क्रमांक फिरवून ‘कोस्टगार्ड’ मागावे.

दुसरी गोष्ट घराची. समुद्रकाठचे गाव उन्हाळ्यात पाहून घर घेऊ नये. जमल्यास जानेवारीत पाहावे. उन्हाळ्यात गजबजलेली हॉटेले व दुकाने हिवाळ्यात बंद असतात. खारा वारा बिजागऱ्या गंजवितो आणि ओलसर भिंतींना काळी बुरशी धरते. कपडे घरातच वाळत घालावे लागतात, त्यामुळे ती आणखी वाढते. म्हणून खिडकीतून समुद्र दिसतो की नाही, हे नंतर पाहावे. आधी कपाटामागची भिंत हाताने चाचपावी. वार्षिक भाडे पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे घरमालकास पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. ती अनामत तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते. त्याची पावती मागून घ्यावी. भाड्याखेरीज ‘कौन्सिल टॅक्स’ हा स्थानिक कर बहुधा भाडेकरूसच भरावा लागतो. व्हिसासोबत आरोग्य अधिभारही असतो. २०२४ पासून तो प्रौढास वर्षाला १,०३५ पौंड आहे. आमच्या मुलीस आरोग्यसेवकांच्या व्हिसामुळे तो माफ झाला. व्यापारी माणसाने हा हिशोब निघण्यापूर्वीच मांडावा.

तिसरी गोष्ट आपल्या घरांत सर्वांत आधी विचारली जाते: खाण्याचे कसे? आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका सक्तीचा आहे. तेथे तशी सक्ती नाही. गोळ्या-मिठायांत जिलेटिन असते. पुष्कळशा चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. मात्र वनस्पतिजन्य रेनेटचे चीजही मिळते व तसे पाकिटावर लिहिलेले असते. समुद्रकाठी जागोजागी मासे व बटाट्याचे काप तळणारी दुकाने आहेत. आपण बटाटा खात नाहीच. पण जे खातात त्यांनीही हे जाणावे की काही दुकानांत तळण गोमांसाच्या चरबीत होते, आणि अनेक ठिकाणी माशाच्याच तेलात. ‘व्हीगन’ लिहिलेला पदार्थ दूध-अंड्याविना असतो, पण कांदा-लसूण त्यात असतोच. एकूण काय, पाकिटाची मागची बाजू वाचल्यावाचून टोपलीत काही टाकू नये.

आणि तरीही एक गोष्ट ऐकून मला विलक्षण आनंद झाला. ज्या रॅम्सगेटला मी मांसाहाराचे गाव समजून नाक मुरडीत होतो, त्याच गावातील नॉर्थवुड व्हिला या जलचिकित्सालयात ३० सप्टेंबर १८४७ रोजी इंग्लंडच्या ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ची स्थापना झाली. ती संस्था आजही कार्य करीत आहे. जीवदया ही आपलीच मिरासदारी, असा माझा थोडा अहंकार होता; तो त्या दिवशी गळाला.

मंदिरे दूर आहेत. लेस्टरचे संगमरवरी दर्शनी भागाचे जैन मंदिर १९८८ साली उभे राहिले. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे देरासर आहे. रॅम्सगेटहून दोन्हीकडे रोज जाणे शक्य नाही. पर्युषणात एखाद-दुसरा दिवस जाता येते, एरवी घरच स्थानक मानावे लागते. हेही निघण्यापूर्वी मनाशी धरून असावे.

आता जी गोष्ट यादीत नव्हती, ती सांगतो.

आमच्या मारेगावात वर्षभरात सूर्य साडेपाच ते सात या दीड तासाच्या अवधीत कधीतरी मावळतो. आयुष्यभर चौविहार केला, पण त्यासाठी घड्याळाकडे पाहावे लागले नाही. दुकानातून उठलो की ताट तयार असे. रॅम्सगेटला जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊच्या पुढे होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा तो सायंकाळी सहाच्या सुमारास होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे करतात. त्यानंतर तो एकदम साडेचारवर आला. डिसेंबरात तर दुपारी पावणेचारलाच सूर्य मावळू लागला. सकाळी तो आठच्या सुमारास उगवे, म्हणजे नवकारसी पारावयास पावणेनऊ वाजत. आम्ही दोघे रिकामटेकडे, त्यामुळे तीन वाजता जेवून घेत असू. मुलगी मात्र साडेसहाला अंधारात घरी येई. “तुझा चौविहार?” असे मी विचारीत असे. “हो बाबा, तिकडेच झाला,” असे उत्तर ठरलेले.

हेच उत्तर मी त्याआधीचे दोन हिवाळे फोनवर ऐकले होते. रात्री नऊला दुकान वाढवून मी फोन करी. तेव्हा तिच्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असत, ती कामात असे. मी विचारी, “जेवलीस ना?” ती म्हणे, “जेवले.” मी समाधानाने झोपी जाई.

डिसेंबरातील एका रात्री मला जाग आली. स्वयंपाकघरात काहीतरी कुडकुडल्यासारखा आवाज येत होता. घूस-उंदीर असावा म्हणून मी दाराशी गेलो. रस्त्यावरील दिव्याचा थोडासा उजेड खिडकीतून येत होता. माझी लेक ओट्याला टेकून, दिवा न लावता, उभ्याने खाकरा खात होती.

मी दिवा लावला. तिने हातातला तुकडा पाठीमागे लपविला. तीस वर्षांची, रुग्णांना पुन्हा चालावयास शिकविणारी माझी मुलगी. मग रडू लागली. कित्येक दिवस ती दुपारी बाराच्या डब्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत काढीत असे. जेव्हा सहन होत नसे, तेव्हा रात्री खात असे. “तुम्हांला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, बाबा,” इतकेच ती म्हणाली.

मी अंथरुणावर परतलो, पण झोप लागली नाही. आपण रात्रिभोजनाचा त्याग का करतो? अंधारात न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवाची हिंसा आपल्या हातून होऊ नये म्हणून. आणि माझ्या धाकाने माझी मुलगी दिवासुद्धा न लावता जेवत होती. नियमाचे शरीर मी तिच्या हाती दिले होते, त्याचा प्राण मीच काढून घेतला होता. त्यात असत्याची भर पडली, तीही माझ्याचमुळे.

आपल्या पूर्वाचार्यांनी पच्चक्खाणाच्या पाठातच आगार ठेवले आहेत. विस्मरणाने घडले, अकस्मात घडले, अधिक मोठे कारण उपस्थित झाले, देहाची समाधी ढळू लागली, या सर्वांना त्यांनी जागा दिली. नियम यथाशक्ती घ्यावा असे सांगितले. तो पाठ मी हजारो वेळा म्हटला आहे. परंतु मुलीला नियम देताना मी एकही आगार ठेवला नाही, आणि ज्या गावी ती चालली होती तेथे सूर्य केव्हा मावळतो, एवढेही विचारले नाही.

त्या रात्री मला महात्मा गांधींची एक हकिकत आठवली. १८८८ साली विलायतेस जाण्यापूर्वी त्यांनी मातेच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर तीन प्रतिज्ञा घेतल्या, हे आपल्या समाजात अभिमानाने सांगितले जाते. पुढची गोष्ट आपण क्वचितच सांगतो. पहिल्याच वर्षी ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी एका हॉटेलात पदार्थांची फ्रेंच यादी त्यांना वाचता येईना. मेजावरील एका वृद्ध विधवा बाईने त्यात शाकाहारी काय आहे, ते समजावून दिले. त्यातून घरोबा झाला. बाई त्यांना लंडनच्या घरी दर रविवारी जेवावयास बोलावू लागल्या, तरुण मुलींशी ओळखी करून देऊ लागल्या. आपला विवाह झालेला आहे, हे गांधीजींनी लाजेने लपविले होते. शेवटी न राहवून त्यांनी पत्र लिहून सर्व कबूल केले. बाई रागावल्या नाहीत, हसल्या. आणि रविवारचे आमंत्रण तसेच राहिले. आईला दिलेले वचन त्यांनी परदेशी पाळले, हे खरेच. पण सत्य सांगता आले, कारण ते ऐकून घेणारे माणूस समोर होते. माझ्या लेकीला तसे माणूस घरीच मिळावयास हवे होते.

सकाळी मी तिच्यासमोर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. संवत्सरीला आपण सर्व जगाला क्षमा मागतो. पोटच्या पोरीला विषयासह क्षमा मागण्याची ती माझी पहिलीच वेळ. मग आम्ही शांतपणे हिशोब मांडला. सहा तासांहून अधिक काम असल्यास किमान वीस मिनिटांची सुटी तेथील कायद्याने मिळते. तिने ती दुपारी तीन वाजता मागावी असे ठरले. आजवर तिने संकोचाने विचारलेच नव्हते. विचारताच वरिष्ठ बाईंनी एका वाक्यात मान्य केले. ज्या दिवशी रुग्णामुळे ते जमणार नाही, त्या दिवशी घरी येऊन दिवा लावून, बसून, निवांत जेवावे, आणि मला तसे खरे सांगावे. नियम सोडला नाही; त्यात आगार ठेवला. त्या हिवाळ्यात असे दिवस किती आले, ते ती सांगत असे. ते फार नव्हते.

शेजारी एक वृद्ध इंग्रज बाई एकट्या राहतात. समुद्रकाठच्या या गावांत असे निवृत्त लोक पुष्कळ आहेत. रस्त्यात भेटल्यावर चार शब्द बोललो तर त्यांना बरे वाटते. माझे सूर्यास्ताचे वेड ऐकून त्यांनी मला नाविकांसाठी छापलेली भरती-ओहोटीची छोटी पुस्तिका दिली. तीत प्रत्येक दिवसाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळाही आहेत.

ती पुस्तिका आता मारेगावात माझ्या गल्ल्याजवळ, तिथीच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. हल्ली रात्री फोन करण्याआधी मी तीत पाहतो. तिकडचा सूर्य मावळावयास आला असेल तर फोन करीत नाही; जेवत असेल, तिला निवांत जेवू देतो. केला तर “जेवलीस ना?” असे विचारीत नाही. “आज कसे काय जमले?” असे विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाला खरे उत्तर देता येते.

वणीच्या स्नेह्यांना मी यादी दिली. तिच्या शेवटी एक ओळ वाढविली: मुलांकडून नियम घेण्यापूर्वी बोर्नमथला डिसेंबरात सूर्य केव्हा मावळतो, ते आधी पाहून घ्या.