तीन बोटांचं ऋण

माझ्या दादाचं तोंड आज दोन बोटांएवढं तरी उघडतं, ते आमच्या गावच्या आशाताई आणि बचत गटातल्या बायांमुळे. त्यांचं हे देणं मला लिहून ठेवायचं आहे.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरी तालुक्यातलं. इकडे खर्रा म्हणजे पाहुणचार. सुपारी, सुगंधित तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा आणि सोयऱ्यापुढे धरायचा. लग्नात खर्रा, मयतीत खर्रा, रोवण्याच्या बांधावर खर्रा. आई तर दातांना तंबाखूची नस घासते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 3.8 टक्के लोक धूम्रपान करणारे निघाले, तर धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. पाकिटाच्या 85 टक्के जागेवर इशाऱ्याचं चित्र छापायला कायदा लावतो. पण ठेल्यावर घोटलेल्या खर्ऱ्याच्या पन्नीवर कोण काय छापणार? गरिबाच्या हातात येणारी तंबाखू इशाऱ्याविनाच येते, आणि दवाखानाही त्याच्याचपासून सगळ्यात लांब असतो.

दादा शाळेत असल्यापासून खर्रा खायचा. आधी त्याला तिखट सोसेना, मग मोठा घास जाईना. घरात कुणी त्याचा संबंध खर्ऱ्याशी लावला नाही. गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई घरोघर तपासणी करत आली आणि म्हणाली, "भाऊ, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बरं." दादाची दोनही जाईनात. ती रागावली नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी चामड्यासारखी ताठ होते आणि पुढे तिथंच कर्करोग होऊ शकतो, हे तिनं त्याला समजेल अशा बोलीत सांगितलं. मग रोजी बुडवून ती त्याच्यासोबत तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिथून नागपूरला तपासायला सांगितलं, तेव्हा मला फोन केला: "ताई, नागपूरचं तुम्ही पाहा, गावचं आम्ही पाहतो."

गावचं पाहणं सोपं नव्हतं. दादा घरात खर्रा सोडणार आणि चौकात चारजण पन्नी पुढे करणार. म्हणून बायांनी ग्रामसभेत विक्रीबंदीचा ठराव करून घेतला. एक पानठेला एका विधवेचा होता, दोन लेकरांचं पोट त्यावर. बायांनी तिला धमकावलं नाही. चहा-भज्यांच्या दुकानासाठी गटातून कर्ज दिलं आणि पहिले काही महिने भजी स्वतःच जाऊन विकत घेतली. मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट. तिच्या चुलीचा विचार झाला नसता, तर तो ठराव कागदावरच राहिला असता, असं मी ठामपणे म्हणते.

हे बळ एका दिवसात आलेलं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत आले. पुढे लोकांच्या आंदोलनातून 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. 2016 पासून शासन, टाटा ट्रस्ट आणि बंग दांपत्याची 'सर्च' संस्था यांनी मिळून 'मुक्तिपथ' अभियान चालवलं, त्यात दारूसोबत तंबाखूही घेतली. गावोगाव संघटना उभ्या राहिल्या. आमच्या बाया त्या वाटेनं चालल्या.

दादाचा खर्रा सुटला, पण गालाची कातडी पहिल्यासारखी होणार नाही. तोंड उघडण्याचा व्यायाम रोजचाच, आणि तपासणी कायमची. त्या तपासणीची तारीख माझ्याआधी आशाताईच्या ध्यानात असते. एवढं करणाऱ्या बाईला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, तोही उशिरा. तिच्यासारख्यांना नियमित वेतन मिळावं म्हणून मी जमेल तिथं बोलते. मी पुढे केलेलं पैशांचं पाकीट तिनं घेतलं नाही; "वहिनीला संघटनेत पाठवा," एवढंच म्हणाली.

वहिनी जाते आहे. आईची नस मात्र अजून सुटलेली नाही. वहिनी आणि आशाताई सध्या आईच्याच मागे लागल्या आहेत, आणि आई रोज वहिनीला सांगते, "पुढच्या सोमवारपासून."