बाटलीवरच्या चार ओळी

मराठीत पंचवीस हजारांची आवृत्ती निघालेले लेखक किती असतील? मी त्यांपैकी एक आहे. हे वाक्य वाचून आमच्या महाविद्यालयातील सहकारी अंक मिटून ठेवतील, कारण माझे एकही पुस्तक आजवर प्रसिद्ध झालेले नाही हे त्यांना पक्के ठाऊक आहे. एक कादंबरी आहे, पण ती हस्तलिखितात आहे आणि हस्तलिखित कपाटात आहे. पंचवीस हजार प्रती निघाल्या त्या माझ्या चार ओळींच्या. खरे म्हणजे दोनच ओळींच्या, पण ती हकिकत पुढे येईलच. आणि ही माझी पहिलीवहिली आवृत्ती वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच जकातीत अडकली.

त्याचे असे झाले. आमचा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, कुडाळजवळ कोकम सरबताचा कारखाना चालवतो. कारखाना हा शब्द जरा मोठा आहे. पत्र्याच्या दोन शेडी, सहा बायका, एक ड्रायव्हर आणि एक कुत्रा. दोन वर्षांपूर्वी त्याने बाटल्या भरण्याचे एक लहानसे यंत्र चीनमधून मागवले. त्या यंत्रवाल्यानेच सुचवले की, बाटलीभोवती गुंडाळायची प्लास्टिकची लेबलेही आमच्याकडूनच छापून घ्या, स्वस्तात देऊ. मेहुण्याला ते पटले. मग त्याला आठवण झाली ती माझी.

"भावोजी, बाटलीवर चार ओळी झकास पाहिजेत. तुमच्यासारखं मराठी आमच्या घरात दुसऱ्या कुणाचं आहे?"

मी आढेवेढे घेतले, पण फार घेतले नाहीत. आठ दिवस खपून लिहिले:

उन्हात पिकले, साखरेत मुरले,
माठातल्या पाण्यात विरघळले;
पहिल्या घोटाला तहान जाते,
दुसऱ्या घोटाला गाव आठवते.

आता हे काही महाकाव्य नव्हे, पण सरबताच्या बाटलीला शोभण्याइतके नक्कीच होते. मुद्रिते आली तेव्हा त्यांत सगळ्या वेलांट्या एक घर सरकलेल्या आणि जोडाक्षरे मोडून पडलेली. 'विरघळले' गडगडले होते आणि 'दुसऱ्या' तर ओळखूच येईना. ती मी तीनदा तपासून परत पाठवली. चौथ्या खेपेला अक्षरे शुद्ध आली, पण पहिल्या दोन ओळी गायब! मी मेहुण्याला फोन केला.

"जागाच उरली नाही हो, भावोजी. निव्वळ वजन, किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, पोषणाचा तक्ता, हिरवा ठिपका, हे सगळं कायद्यानं लागतं. आणि साखरेचा उल्लेख तक्त्यात येतोच की!"

उरलेल्या दोन ओळी पत्त्याच्या खाली, मुंगीच्या अक्षरांत होत्या. तरी मी समाधान मानले. मोठमोठ्या लेखकांवरही संपादकांनी कात्री चालवलेली आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी लेबलांची रिळे न्हावा-शेव्याला उतरली, आणि पाचव्या दिवशी मेहुणा रात्रीच्या गाडीने आमच्या दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला. शेडीत तीन हजार बाटल्या भरून तयार, लालबुंद आणि उघड्या. लेबलाशिवाय एकही विकता येत नाही. मार्च उजाडतोय, हंगाम तो काय तीन महिन्यांचा, आणि रिळे बंदराच्या गोदामात रोजचे भाडे खात बसलेली. जकातवाल्यांनी प्रश्न विचारला होता. आणि प्रश्न असा की, तो ऐकून एजंटच म्हणाला, तुमच्याकडे कोणी भाषेचा माणूस असला तर बघा.

जकातीचे शास्त्र मला त्या रात्री प्रथम कळले, आणि खरे सांगायचे तर मी थक्क झालो. जगात देशोदेशी जो म्हणून माल बंदरात उतरतो, त्या प्रत्येकाला एक घर नेमून दिलेले आहे. ही योजना ब्रुसेल्सला १९८३ साली ठरली आणि १९८८ पासून जगभर अमलात आली. आपल्याकडे तिच्या धर्तीवरची मांडणी १९८६ सालीच सुरू झाली होती. एकवीस विभाग, सत्त्याण्णव प्रकरणे. त्यांतले सत्त्याहत्तरावे प्रकरण मुद्दाम कोरे ठेवले आहे, पुढेमागे काही नवीन निघाले तर असावे म्हणून. इतकी दूरदृष्टी आमच्या अभ्यास मंडळात कधी दिसलेली नाही.

आता या व्यवस्थेत बाटलीचे काय होते पाहा. काचेची रिकामी बाटली एकटी आली तर ७०१०. तिचे पत्र्याचे बूच एकटे आले तर ८३०९. पण सरबत भरून, बूच मारून, लेबल लावून आली तर सगळी वरात बाविसाव्या प्रकरणात, पेयांच्या घरी. तिथे लेबलाला कोणी वेगळे नाव विचारत नाही. लेबल एकटे प्रवासाला निघाले की मात्र त्याची चौकशी सुरू होते. तू कशाचे? कागदाचे असेल तर ४८२१, कोऱ्या वह्यांच्या अगदी शेजारी. कापडाचे विणलेले असेल तर ५८०७. प्लास्टिकचे आणि पाठीला डिंक लावलेले असेल तर ३९१९.

आमचे प्लास्टिकचे होते, पण पाठीला डिंक नव्हता. यंत्र ते बाटलीभोवती गुंडाळते आणि गरम गोंदाने टोक चिकटवते. एवढ्याशा डिंकावाचून सगळा घोटाळा झाला होता. कारण नियम असा आहे की, प्लास्टिकच्या वस्तूवरची छपाई ही तिच्या मुख्य उपयोगाला केवळ आनुषंगिक असेल तर ती वस्तू प्लास्टिकच्याच प्रकरणात राहते, आणि तशी नसेल तर ती एकोणपन्नासाव्या प्रकरणात, छापील मालात जाते. डिंकवाल्या लेबलाला हा प्रश्न विचारीत नाहीत, त्याला नियमातच सूट आहे. कागदाच्या लेबलालाही विचारीत नाहीत. ते छापलेले असो की कोरे असो, लेबल ते लेबल. आमच्यासारख्या बिनडिंकाच्या प्लास्टिकलाच विचारतात: तुझ्यावर जे लिहिले आहे, ते मुख्य की आनुषंगिक?

बावीस वर्षे मी वर्गात आशय आणि अभिव्यक्ती शिकवतो आहे. कवितेत अर्थ मुख्य की शब्द मुख्य, यावर मुलांना वीस गुणांचे प्रश्न घातले आहेत. पण माझ्या स्वतःच्या लेखनाबद्दल हा प्रश्न कोणी समीक्षकाने विचारला नव्हता. तो विचारला केंद्र सरकारने.

शिवाय विचारणारा दिसतही नव्हता. २०२० पासून तपासणीची कागदपत्रे संगणकावरून दुसऱ्याच कुठल्या तरी शहरातल्या अधिकाऱ्यापुढे जातात. आमचा अधिकारी मराठी जाणणारा नसावा, कारण त्याने लेबलावरील संपूर्ण मजकुराचे इंग्रजी भाषांतर मागितले होते.

ते मी करतो म्हटले, आणि इथे माझी चूक झाली. वजन, किंमत, पत्ता हे दहा मिनिटांत झाले. पण 'दुसऱ्या घोटाला गाव आठवते' याचे इंग्रजी काय करावे? गाव म्हणजे खेडे नव्हे. आठवते म्हणजे स्मरणशक्ती नव्हे. पहिली रात्र त्यात गेली. दुसऱ्या रात्री मी कोश काढले. एजंटचा फोन आला, "साहेब, त्या दोन ओळींच्या जागी 'जाहिरातीचा मजकूर' एवढंच लिहू या का?" मी त्याला जरा कडक शब्दांत सांगितले की, मजकूर मजकुरासारखाच जाईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत एक नवा शब्द योजून पाहत होतो. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"त्या गोदामाचं भाडं रोजचं किती आहे, विचारलंत का त्याला?"

मी विचारले नव्हते. मेहुणा बाहेरच्या खोलीत चटईवर बसून मोबाईलवर हिशेब करीत होता. दोन दिवस तो माझ्या घरी होता आणि एकदाही, 'भावोजी, झालं का?' असे म्हणाला नव्हता. यंत्रासाठी त्याने काढलेल्या कर्जाचा हप्ता त्याच आठवड्यात होता, हे मला हिच्याकडून कळले. मी तेव्हाच्या तेव्हा मनात आले ते इंग्रजी लिहिले आणि कागद त्याच्या हाती दिला. त्याने तो वाचलादेखील नाही. नुसते "थँक्यू, भावोजी" म्हटले आणि एजंटला फोन लावला.

उत्तराबरोबर एजंटने सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जोडले. त्यांच्या प्रती माझ्याकडे आहेत आणि त्या वाचनीय आहेत. दोन्ही खटले उत्पादन शुल्काचे, पण भांडण हेच. १९९४ साली रोलाटेनर्स या कंपनीच्या खटल्यात प्रश्न होता छापील पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. न्यायालय म्हणाले, खोक्यावर छपाई असली तरी खोके ते खोकेच. ते बांधणीच्या उद्योगाचे, छापखान्याचे नव्हे. १९९६ साली मुंबईच्या मेटाग्राफ्स कंपनीच्या छापील ॲल्युमिनियमच्या लेबलांचा खटला आला. वाटावे, आता पत्रा तो पत्राच म्हणतील. पण नाही. लेबल हे गिऱ्हाइकाला सांगते की, ही तुला हवी असलेली वस्तू आहे किंवा नाही, आणि त्यावरच्या छापील मजकुरावरून तो घ्यायचे की नाही ते ठरवतो. तेव्हा इथे छपाई आनुषंगिक नाही. ती लेबले छापखान्याचीच, असा निकाल झाला.

हे वाचताना मला एकदम आमच्या लहानपणचा गुडघा आठवला. आत्या रत्नागिरीहून कोणा ना कोणाबरोबर एस.टी.ने आगळाच्या बाटल्या पाठवीत असे. औषधाच्या नाहीतर कसल्याही जुन्या बाटल्या. त्यांवर आई कॅलेंडरच्या कागदाची पट्टी भाताच्या शिताने चिकटवी आणि शाईने 'आगळ' लिही. पावसाळ्यात शिते सुटत. अशाच एका पावसाळ्यात मी अंगणात सडकून पडलो. वडिलांनी फडताळातून टिंक्चर आयोडिन म्हणून जी बाटली काढली, ती आगळाची निघाली. खारवलेले आगळ सोललेल्या गुडघ्यावर काय करते ते ज्याचे त्यालाच ठाऊक. मी बोंब ठोकली, वडील म्हणाले "औषध आहे, झोंबणारच," आणि आणखी थोडे लावले. आई धावत आली, तिने वास घेतला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या गुडघ्यासाठी नव्हे. टिंक्चरची बाटली मग कुठे आहे, हे शोधायला ती आत पळाली. ती सापडली स्वयंपाकघरात, सोलकढीच्या तयारीपाशी. त्या दिवसापासून आमच्या घरी पट्ट्या डिंकाने चिकटू लागल्या.

त्या पट्टीवर तीन अक्षरे होती. त्यांत कविता नव्हती.

चार दिवसांनी आमचे उत्तर मान्य झाले. लेबलांना ४९११ हे घर मिळाले, आणि होळीच्या आधी रिळे कुडाळला पोहोचली. एकोणपन्नासावे प्रकरण मी नंतर सवडीने वाचले. तिथे सारा सारस्वतांचा मेळा आहे. ग्रंथ ४९०१, आणि हा दिवाळी अंक जहाजात बसून परदेशी गेला तर ४९०२. शुभेच्छापत्रे, कॅलेंडरे, नकाशे, टपालाची तिकिटे, बँकेच्या नोटा, सगळे एका वाड्यात. हस्तलिखित मजकुरालाही घर आहे, ४९०६, तेव्हा माझ्या कादंबरीची चिंता मिटली. सरकारदरबारी माझे नाव ग्रंथांच्या बिऱ्हाडात लागले, असे मी सहकाऱ्यांना सांगतही होतो. पण ते घर मिळवून दिले कोणी, हे मला माहीत होते. 'कोकम सरबत' या दोन शब्दांनी, वजनाने, किमतीने आणि त्या हिरव्या ठिपक्याने. माझ्या दोन ओळी काढून घेतल्या असत्या तरी निकाल तोच लागला असता. छपाई आनुषंगिक नव्हती, पण छपाईतला माझा भाग होता.

मे महिन्यात कुडाळच्या एस.टी. स्टँडवर मी मुद्दाम बाटल्यांच्या दुकानापाशी उभा राहिलो. एका बाईने बाटली उचलली, नाव वाचले, किंमत वाचली, तारीख पाहण्यासाठी चष्मा वर केला आणि पैसे दिले. बरोबरचा मुलगा मात्र गाडीत बसल्यावर बाटली फिरवून फिरवून काही तरी वाचत होता. तो काय वाचत होता ते काचेतून दिसले नाही.

यंदा मेहुण्याने जवळच्याच एका छापखान्यातून कागदी लेबले करून घ्यायचे ठरवले आहे. जकात नको, गोदाम नको, भाषांतर नको. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "भावोजी, ह्या खेपेला लेबल रुंद आहे. चारही ओळी बसतील. फक्त पंधरा तारखेपर्यंत द्या हं."

ओळी तयारच आहेत. पण दुसऱ्या ओळीतला माठ आता जुना वाटतो, आणि फ्रिज काही केल्या वृत्तात बसत नाही. आज तेरा तारीख आहे.