पाण्याकाठच्या मुंग्या

माझ्या सासूबाई वाईच्या. कृष्णेच्या घाटावरून उड्या मारत पोहायला शिकलेल्या. न्यू जर्सीत आम्ही मागच्या अंगणात स्विमिंग पूल असलेलं घर घेतलं, त्याचा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. उन्हाळ्यात आल्या की संध्याकाळी काठावर बसून पाण्यात पाय सोडायचे, हा त्यांचा नेम. पण त्या वर्षी त्या म्हणायला लागल्या, "अगं, इथं बसलं की मुंग्या येतात."

सत्तरी ओलांडलेली बाई, त्यात मधुमेह. घरातल्यांनी साखरेवर बोट ठेवलं, डॉक्टरांची वेळही घेतली. सासूबाईंना ते पटेना. "खुर्चीत बसले की काही नाही. पाय पाण्यात आणि हात ओल्या फरशीवर टेकला की मगच येतात. दुपारी कमी, तिन्हीसांजेला जास्त." मधुमेहाच्या मुंग्या अशा जागा बघून येत नाहीत. मी मुलांना पाण्यात उतरायची बंदी केली आणि इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

आलेले गृहस्थ पुलांचीच कामं करणारे होते. त्यांनी आधी घराचा मेन स्विच बंद केला. पंप थांबला, फ्रिज थांबला. मग काठावरच्या फरशीवर पाणी ओतलं, त्यावर धातूची पट्टी ठेवून वर वीट दाबली. मीटरची एक वायर पट्टीला, दुसरी पाण्यात. दोन्ही वायरींमध्ये त्यांनी एक छोटा रेझिस्टर जोडला. माणसाच्या शरीराचा अडथळा साधारण तेवढा धरतात, आणि तो जोडला की मीटर उगाच खोटे आकडे दाखवत नाही. मीटरवर तीन व्होल्टच्या आसपास आकडा आला. घरातला एकही दिवा चालू नसताना.

दोष आमच्या वायरिंगमध्ये नव्हताच. अमेरिकेत वीज कंपनीचा न्यूट्रल खांबाखांबावर आणि घराघरात जमिनीला जोडलेला असतो. सगळ्या गल्लीचा परतीचा करंट त्या तारेतून जातो. तारेला थोडा का होईना अडथळा असतो, त्यामुळे आपल्या टोकाला न्यूट्रल जमिनीपेक्षा काही व्होल्ट वर उभा राहतो. मेन स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल आणि अर्थिंगची वायर जोडलेलीच राहते. तिच्यातून ते व्होल्टेज पंपाला, तिथून पुलाच्या सळयांना आणि पाण्याला येतं. फरशीखालची माती मात्र आपल्या जागी असते. पाय पाण्यात, हात फरशीवर ठेवला की या दोहोंमधली वाट आपलं शरीर. संध्याकाळी गल्लीतले सगळे एसी सुरू होतात, न्यूट्रलमधला करंट वाढतो. सासूबाईंची तिन्हीसांज तंतोतंत बरोबर होती.

नवऱ्याने विचारलं, पंपाला जीएफसीआय आहे, तो का नाही पडला? हा ब्रेकर पाच-सहा मिलिअँपच्या गळतीलाही तुटतो, पण तो बघतो ते स्वतःतून गेलेला करंट आणि परत आलेला करंट. बाहेरून न्यूट्रलवाटे आलेला करंट त्याच्यातून जातच नाही. पुण्याहून भावाचा सल्ला आला, "अर्थिंगचा खड्डा खोल घ्या, कोळसा-मीठ टाका." घरच्या विजेला ते ठीक, पण इथे आणखी एक रॉड ठोकून पाणी आणि फरशी यांच्यातला फरक मिटत नाही. इथे गरज असते ती बाँडिंगची. माणसाचा हात-पाय एकाच वेळी जिथे जिथे लागू शकतो त्या सगळ्या वस्तू तांब्याने एकमेकींना जोडायच्या. पाणी तीन व्होल्टवर असेल तर शिडी, सळया, काठाखालची माती, सगळंच तीनवर. मग शरीरातून वाहायला करंटला कारणच उरत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत, म्हणजे एनईसीमध्ये, कलम 680 पुलांसाठीच आहे आणि त्यातलं 680.26 बाँडिंगचं. पाण्याच्या कडेपासून बाहेर तीन फुटांपर्यंतचा पट्टा त्यात येतो, मग तिथे काँक्रीट असो, फरशी असो की नुसती माती. आमच्यासारख्या ठिकाणी या पट्ट्यात पुलाच्या आतल्या भिंतीपासून 18 ते 24 इंचांवर, भरावात चार ते सहा इंच खोल, आठ गेजची उघडी भरीव तांब्याची तार पुलाभोवती फिरवायची आणि सारख्या अंतरावर किमान चार ठिकाणी सळयांना जोडायची. ही तार आणि पाण्याचं स्वतंत्र बाँडिंग 2008 च्या आवृत्तीत स्पष्टपणे आलं.

फरशा उचलल्यावर एका कोपऱ्यात हिरवट पडलेलं तांब्याचं टोक सापडलं. तार होती, म्हणजे पूल बांधणाऱ्याने आपलं काम केलं होतं. आधीच्या मालकाने पुढे काठ नवा करून घेतला, तेव्हा खणणाऱ्यांनी ती ओढून काढली आणि वर सुबक फरशी बसवली. टाउनशिपच्या दफ्तरात त्या कामाचं परमिटही नव्हतं. याचा मला आजही राग आहे. चार पैशांची तार, आणि तिच्यावाचून त्या पाण्यात कितीतरी मुलं खेळून गेली असतील.

वीज कंपनीची माणसंही येऊन गेली. खांबावरचा न्यूट्रलचा जोड गंजला होता, तो त्यांनी बदलला. आकडा तीनवरून एकाच्या जवळ आला, पण शून्य झाला नाही. तो होतही नाही, आणि उद्या एखादा जोड पूर्ण तुटला तर हाच आकडा जीवघेणा होऊ शकतो. म्हणून तार हवीच. काँक्रीट फोडून चार जागी सळया उघड्या केल्या, जमिनीत पुरण्यासाठी मान्यता असलेले क्लॅम्प लावले. शिडीच्या खोबणी, पंप, हीटर, पाण्याच्या पाच फुटांच्या आत येणारं कुंपण, सगळं एका साखळीत आलं. पाण्याला किमान नऊ चौरस इंच धातू लागावा लागतो. आमची शिडी हिवाळ्यात काढून ठेवतात, म्हणून त्यांनी पाइपलाइनमध्ये स्टीलचा वेगळा जोड बसवला. टाउनशिपच्या इन्स्पेक्टरने उघड्या तारेवरून चालत एकेक क्लॅम्प हाताने हलवून पाहिला, सही केली, तेव्हाच माती लोटली. त्यानंतर त्याच विटेखाली मीटरचा आकडा शून्यापुढे सरकेना.

हॉट टबचंही तेव्हाच निघालं. विकणाऱ्याने "याला बाँडिंग लागत नाही" म्हणून सांगितलं होतं. तयार टबला तशी सवलत आहे, पण त्याची कड भोवतालच्या पृष्ठभागापासून किमान 28 इंच उंच असली तरच. आमचा टब डेकमध्ये अर्धा उतरवलेला, त्यामुळे त्यालाही वेढा घालावा लागला.

अमेरिकेत पूल असलेलं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना माझी विनंती आहे. होम इन्स्पेक्टरच्या अहवालावर थांबू नका, त्याला मातीखालचं दिसत नाही. टाउनशिपकडून पुलाची आणि काठाची परमिटं मागवा. न्यू जर्सीत ओप्रा, म्हणजे सरकारी कागदपत्रं खुली करणाऱ्या कायद्याखाली ती मागता येतात. काठ नवा करणार असाल तर तार झाकण्याआधी तपासणी करून घ्या, फोटो काढून ठेवा. आणि घरातलं कुणीही, लहान असो वा म्हातारं, पाण्यात मुंग्या येतात म्हणालं, तर त्याच क्षणी सगळ्यांना धातूच्या शिडीला हात न लावता बाहेर यायला सांगा, कुणालाही परत उतरू देऊ नका, आणि वीज कंपनी व परवानाधारक इलेक्ट्रिशियन या दोघांनाही बोलवा.