आमटी अळणी नव्हती

"आई, आज पण आमटीत मीठ कमी आहे." महिन्याभरात मी हे तिसऱ्यांदा म्हणालो. आईने काही न बोलता मिठाची बरणी पुढे सरकवली. बायकोने आमटी चाखली आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे. तुझंच काहीतरी बिघडलंय."

बिघडलंच होतं. आठ महिने अमेरिकेच्या वेळेनुसार काम चालू होतं. सकाळी घरी येताना आपले इंदुरी पोहे-जिलबी, मग झोप, रात्री ऑफिसात चहा, बिस्किटं, ब्रेड. घरचं ताट क्वचितच. भूक मेली होती. कोडमधली साधी चूक तासभर सापडत नसे. एका संध्याकाळी चार वर्षांच्या लेकीने लॅपटॉपवर पाणी सांडलं आणि मी असा ओरडलो की ती दाराआड लपली. दोन दिवस ती माझ्याजवळ आली नाही. तेव्हा मात्र मी डॉक्टरांकडे गेलो.

तपासणीत बी-१२ कमी निघालं आणि झिंक, म्हणजे जस्तही. डॉक्टर म्हणाले, "सगळं खापर झिंकवर फोडू नका, आधी झोप सुधारा. पण चव जाणं, भूक मरणं, ही त्याचीही लक्षणं असतात."

इंजिनिअरचा स्वभाव, मी वाचायला बसलो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, स्मरण आणि भावनांशी जोडलेला. तिथे जस्त भरपूर असतं. पेशी एकमेकींना निरोप देताना ग्लूटामेट हे चालना देणारं रसायन सोडतात. काही पेशी त्यासोबत जस्तही सोडतात आणि ते त्या चालनेला लगाम घालतं. नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तात जस्त सरासरीने कमी आढळतं. मात्र कमतरतेमुळे मन खचतं, की मन खचल्याने जेवण सुटतं, हा गुंता पूर्ण सुटलेला नाही.

ही कमतरता जगाला दाखवली ती मूळच्या बिहारच्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. १९५८ साली इराणमधल्या शिराझमध्ये त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला दहा वर्षांचा, वागण्यात सुस्त. त्याचं जेवण म्हणजे मुख्यतः गव्हाची रोटी. गव्हात जस्त असतं, पण धान्याच्या कोंड्यातलं फायटेट ते धरून ठेवतं, शरीराला मिळू देत नाही. पुढे इजिप्तमधल्या अशाच रुग्णांवर अभ्यास करून त्यांनी जस्ताची कमतरता दाखवून दिली.

भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी फायटेट कमी होतं. आमच्या आजीला हे माहीत नव्हतं. मोडाची उसळ चांगली लागते, एवढंच तिला ठाऊक होतं. शरीरात जस्ताचा वेगळा साठा नसतो, म्हणून ते रोजच्या रोज पोटात जावं लागतं: पुरुषाला सुमारे १७, बाईला १३ मिलिग्रॅम. डाळी, हरभरे, तीळ, भोपळ्याच्या बिया, अंडी, मटण यांतून ते मिळतं. गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. जास्त जस्ताने शरीरातलं तांबं घटतं.

मी दिवसाची पाळी मागून घेतली, डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच गोळ्या घेतल्या आणि घरच्या ताटावर परतलो. मला बरं कशाने वाटलं, झोपेने, बी-१२ने की जस्ताने, हे वेगळं काढता येणार नाही. पण तुमच्या घरात कोणी सारखं चिडत असेल, ताटात अन्न टाकत असेल, तर त्याला नुसतं रागावू नका. तो काय खातो, कधी झोपतो, हेही विचारा.

आता शनिवारी रात्री मटकी फडक्यात बांधायचं काम लेकीकडे आहे. सकाळी फडकं उघडून तीच मला उठवते, "बाबा, मोड आले!"