माशी कळते, तिथे काटा कशाला?

माशी बसली की घोड्याला कळतं! पोटाच्या बाजूला, तंगाच्या जरा मागे, एक साधी माशी येऊन टेकते आणि तेवढ्याच जागेची कातडी थरथरते. बाकीचा घोडा ढिम्म. कातडीला आतून स्नायूचा एक पातळ थर चिकटलेला असतो, तो हे काम करतो. शाळेत कधी शिकवलं असेलही, पण डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर, ऊन अंगावर घेऊन उभ्या असलेल्या एका तांबूस घोडीच्या अंगावर हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत सुटले आहे. पाचशे किलोच्या आसपासचं जनावर, आणि त्याला माशीचं वजन समजतं!

माझं सगळं आयुष्य जालना एमआयडीसीत, लोखंडात गेलं. भंगाराचे ट्रक, भट्ट्या, रोलिंग मिलमधून लालभडक धावत येणाऱ्या सळया, आणि त्या सळयांचा कस तपासणारी आमची लॅब. या सगळ्याच्या पलीकडे, शेवटच्या शेडच्या मागे मोकळं माळरान आहे आणि तिथे चाचा संध्याकाळी पोरांना घोड्यावर बसायला शिकवतात. लग्नाच्या वरातीचे घोडे हा त्यांचा मूळ धंदा. बारा वर्षांची माझी भाची तिथे जायला लागली, तिला सोडायला मी जायला लागले, आणि आता तिला सुट्टी असली तरी माझे पाय तिकडेच वळतात.

एका संध्याकाळी भाची म्हणाली, "मावशी, मला ते टाचेला लावायचे काटे हवेत. स्पर. व्हिडिओत सगळ्यांच्या बुटाला असतात." मी सरळ चाचांना विचारलं. त्यांनी घोडीचा तंग सैल करता करता मान वर न काढता सांगितलं, "पैले पाव चुप कर बेटा, फिर लोहा मांग."

पाव चुप कर! या तीन शब्दांत केवढं काय आहे ते मला पुढे कळत गेलं, आणि प्रत्येक वेळी मी नव्याने हरखले.

नवं पोर घोड्यावर बसलं की काय करतं ते पाहा. चाल जरा वाढली, घोडी दुडकीवर आली, की पोर वर-खाली आपटायला लागतं. तोल जातो म्हणून ते पोटऱ्यांनी घोड्याला आवळून धरतं, टाचा आपोआप वर चढतात आणि आत वळतात. म्हणजे प्रत्येक पावलाला टाच घोडीच्या कुशीत लागते. पोराला ते माहीतही नसतं, मारायचं तर त्याच्या मनातच नसतं. आणि त्याच वेळी हात काय करतात? पडू नये म्हणून लगाम गच्च ओढून धरतात. आता घोडीच्या जागी उभं राहून पाहा: टाच म्हणते पळ, लगाम म्हणतो थांब, आणि दोन्ही एकाच क्षणाला! चाचांची म्हातारी घोडी हे सोसते, कान मागे-पुढे करत वाट बघते. पण त्या टाचेला पोलादी टोक लावलं तर? तरुण घोडा असेल तर उधळेल, नाहीतर दोन पायांवर उभा राहील, आणि पोर खाली येईल. दोष घोड्याला लागेल.

इथे माझी लॅब माझ्या मदतीला आली. आम्ही पोलादाचा कठीणपणा मोजतो. रॉकवेलच्या 'बी' मापात साधारण दीड मिलिमीटर व्यासाची एक गोळी 100 किलोच्या भाराने पोलादावर दाबतात आणि पोलादात खळगा पडतो. तोच भार तळहाताएवढ्या चकतीवर ठेवला तर पोलादाला काही होणार नाही. भार तोच, जागा बदलली की दाब बदलतो! पोटरीने घोड्याला दाबलं तर तो दाब मोठ्या जागेवर पसरतो. स्परच्या टोकाने दाबलं तर एका चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी जागेत सगळा जमा होतो. हे गणित मी रोज करते, पण कातडीवर कधी केलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागेना.

"घोड्याची कातडी जाड असते हो, त्याला काही होत नाही," असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये माणसाची आणि घोड्याची कातडी शेजारी शेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. चाबकासंबंधीच्या वादातून ते काम निघालं होतं. वेदना जिथे कळते त्या वरच्या थराची जाडी आणि त्यातल्या मज्जातंतूंची दाटी, दोन्हींत माणूस आणि घोडा यांच्यात लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. जाडी आहे ती खालच्या थरात, आणि वेदना कळते ती वरच! म्हणजे माशी कळते यात नवल ते काय?

मग लोक स्पर लावतात तरी का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. उत्तर ऐकून मी थक्क झाले, कारण ते मी समजत होते त्याच्या बरोबर उलट निघालं. स्पर वेगासाठी नाहीच! ड्रेसाज या अश्वारोहणाच्या प्रकारात घोड्याला तिरकं चालवायचं, जागच्या जागी वळवायचं, मागचा एकच पाय जरा आत घ्यायला सांगायचा, इतक्या बारीक गोष्टी असतात. त्या सांगायला, ज्याची पोटरी मुळात हलतच नाही असा स्वार गरज असेल तेव्हाच ते बोथट टोक कणभर टेकवतो आणि लगेच काढून घेतो. 26 सप्टेंबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवलं. अश्वारोहणातलं सुवर्ण 41 वर्षांनी आलं होतं, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेन! पाय शोधावे लागतात. खांद्यापासून टाचेपर्यंत माणूस शांत, आणि खाली घोडा नाचतोय. तिथे पोहोचायला या पोरांनी घरदार सोडून युरोपात वर्षंच्या वर्षं खर्च केली.

नियमही तेच सांगतात. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या ड्रेसाज नियमांत पोनीवर बसणाऱ्या मुलांसाठी स्पर बोथट हवा, त्याला फिरती दातेरी चक्री नको, आणि लांबी 3.5 सेंटिमीटरच्या वर नको. आपल्याकडे तर 1965 पासून केंद्राचे नियम आहेत, ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांबद्दलचे. जनावरावर बसताना किंवा त्याला हाकताना टोकदार काठी, काटेरी लगाम, किंवा जखम, सूज, तीव्र वेदना होईल असं कुठलंही धारदार साहित्य वापरायला त्यांत मनाई आहे. साठ वर्षांपूर्वीची मनाई! आणि आजही वरातीत नाचणाऱ्या घोड्याच्या तोंडात काटेरी लगाम दिसतो. मला हे फार लागतं. चाचांनी त्यांचे जुने काटेरी लगाम आमच्या भट्टीच्या भंगारात दिले, तेव्हा मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

हा आपला मुलूख घोड्यांचा आहे हो! 23 सप्टेंबर 1803 ला याच जिल्ह्यात, केळना आणि जुईच्या संगमावर असईची लढाई झाली. शिंदे-भोसल्यांची फौज एकीकडे, इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दुसरीकडे. त्याच्या मांडीखालचा एक घोडा त्या दिवशी पडला, दुसरा भाल्याने जखमी झाला. पुढे जालन्यात छावणी आली, हैदराबाद कंटिन्जंटचे स्वार इथे राहिले. त्याच्याही शे-दीडशे वर्षं आधीपासून दख्खनी स्वार या माळांवरून दौडत होते, आणि त्यांचं कौतुक व्हायचं ते मांडीचं. जुनी चित्रं मी आता भिंग घेऊन पाहते, टाचेला काटा काही सापडलेला नाही. युरोपात मात्र सोनेरी स्पर हा सरदारकीचा मान होता. 1302 मध्ये कुर्त्रेच्या रणांगणावर पडलेल्या सरदारांचे शेकडो सोनेरी स्पर गोळा केले, त्यावरून त्या लढाईचंच नाव पडलं. पण त्यांच्याकडेही पोराला ते मिळत नसत. आधी उमेदवारी, मग स्पर.

तर माझं मत आता पक्कं आहे आणि मी ते पालकांना धरून धरून सांगते: मुलांना स्पर नको. वय बघू नका, पाय बघा. चाचांची परीक्षा अशी: रिकिबी काढून घ्यायच्या, दोन्ही पोटऱ्या आणि जिनाच्या मध्ये कागदाचा एकेक तुकडा ठेवायचा, आणि दुडक्या चालीने मैदानाला फेऱ्या मारायच्या. कागद पडता कामा नये, आणि आवळून धरायचंही नाही! भल्याभल्यांचे कागद पहिल्याच वळणावर उडतात.

आणि घोडी ढिली वाटली तर? तर मुलांना दाब सोडायला शिकवा. घोडा शिकतो तो दाबामुळे नाही, दाब सुटल्यामुळे! हलकेच पोटरी लावायची, घोडीने पाऊल टाकलं की त्याच क्षणी सैल. तिला कळतं की आपण बरोबर केलं. सतत टाचा हाणणारं पोर हा निरोप कधी देतच नाही, म्हणून घोडी लक्ष द्यायचं सोडते. मग चाबूक येतो, मग काटा येतो, मग त्याहून टोकदार काटा.

परवा भाचीने श्वास सोडला, पाठ जराशी सैल केली, आणि घोडी थांबली. लगाम हातात लोंबत होता! मी कुंपणापाशी ओरडलेच. शेडमधून चार कामगार धावत आले, काय झालं म्हणून.

डिसेंबरात दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याला निघालो आहोत, तापीकाठच्या बाजारात, चाचा आणि पोरं सगळी. चाचांना एक शिंगरू बघायचंय. पोरांनी ठरवलंय की प्रत्येक घोड्याच्या तंगामागे हात फिरवून पाहायचा, केस झडलेत का, कातडी निबर झालीय का, आणि बोटाने हलकं टेकवल्यावर ती थरथरते का. ज्याची थरथरेल, तोच आपला.