श्रेय आणि श्रेयांक

पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण यांत केवळ दोन वर्षांचे अंतर असते, असा सर्वसाधारण समज आहे. सांगली जिल्ह्यातील एका खेड्यात राहणाऱ्या ४६ वर्षांच्या गृहिणीचाही तोच समज होता. १९९८ साली त्या बी.ए. झाल्या, तेव्हा वर्षाअखेरीस एकदाच परीक्षा होई आणि चार महिन्यांचे पाठांतर तीन तासांत उत्तरपत्रिकेवर उतरवले की विषय संपे. २०२३ साली, लेक नोकरीला लागल्यावर, त्यांनी इतिहास विषयात एम.ए.ला प्रवेश घेतला, तो याच तयारीने.

अभ्यासक्रमाची पुस्तिका हाती आली आणि पहिला अडथळा एका शब्दाचाच झाला : श्रेयांक. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत एम.ए.ची रचना बदलली आहे. दोन वर्षांत चार सत्रे, प्रत्येक सत्रात २२ आणि एकूण ८८ श्रेयांक. व्याख्यानांच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे साधारणपणे पंधरा तासांचे अध्यापन. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा ४ श्रेयांकांचा विषय. दुसऱ्यात क्षेत्र प्रकल्प किंवा प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, त्याचे ४. तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. म्हणजे ८८ पैकी १८ श्रेयांक स्वतःच्या शोधकार्यासाठी आणि त्याच्या पूर्वतयारीसाठी राखलेले. कोणाला पहिल्या वर्षानंतर थांबावे लागले, तर पदव्युत्तर पदविका घेऊन थांबता येते.

मूल्यमापनही एकाच दिवसावर अवलंबून राहिलेले नाही. चाचण्या, परिसंवाद, स्वाध्याय यांचे अंतर्गत गुण आणि सत्रान्त परीक्षेचे गुण मिळून श्रेणी ठरते. ‘ओ’ या श्रेणीला १० अंक, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७. प्रत्येक विषयाच्या श्रेणी-अंकाला त्याच्या श्रेयांकांनी गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे. घरखर्चाचा हिशेब पैशापर्यंत जुळवणाऱ्या त्या बाईंना हे गणित लगेच उमगले.

तिसऱ्या सत्रातील प्रकल्पाला त्यांना ‘ए प्लस’ मिळाला. चौथ्या सत्रासाठी त्यांनी विषय निवडला तो तालुक्यातील एका जुन्या जैन बोर्डिंगमधील विद्यार्थिजीवनाचा. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. या भागात शिक्षणाची वाट अशा वसतिगृहांतूनच गेली आहे. त्यांचे दिवंगत सासरेही अशाच एका बोर्डिंगात वाढले होते. मामंजींची एक जाड वही माडीवरच्या ट्रंकेत होती. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची घंटा, पाठशाळेची वेळ, दरमहा घरून आणायची ज्वारी, सारे त्यात नेटक्या अक्षरात लिहिलेले. प्रबंधिकेचे दुसरे प्रकरण त्या वहीतून जवळजवळ जसेच्या तसे उतरले.

प्रबंधिका संगणकावर तपासली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही; त्यापुढे साम्य जितके वाढेल तितकी शिक्षा वाढते, आणि ६० टक्क्यांपलीकडे नोंदणीच रद्द होते. त्यांच्या प्रबंधिकेत साम्य निघाले ६ टक्के. मैत्रिणींनी अभिनंदन केले. संगणकाने ट्रंकेतील वही वाचलेली नव्हती, हे त्या एकट्याच जाणत होत्या.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. लहानपणी पाठशाळेत अचौर्याचा धडा गिरवताना एक शब्द पाठ केला होता : अदत्तादान. जे दिलेले नाही ते घेणे, ही चोरीची आपल्याकडील व्याख्या. मालक जागा आहे की नाही, कोणी पाहते आहे की नाही, याला त्या व्याख्येत स्थानच नाही. मामंजींनी ती वही कोणाला दिली नव्हती. ती फक्त मागे राहिली होती.

सकाळी त्यांनी सासूबाईंना सारे सांगितले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “त्यांचं नाव घालून लिही. मग मी दिली असं समज.” मार्गदर्शक प्राध्यापकांनी आठ दिवसांची मुदत दिली. प्रकरण नव्याने लिहायला घेतले. आता वही हे साधन होते, आणि साधन पडताळून पाहावे लागते, हे पहिल्याच सत्रात शिकवले गेले होते. बोर्डिंगचे दोन वयोवृद्ध माजी विद्यार्थी भेटले. दोघांनीही सांगितले की ज्वारी सगळेच आणत नसत. ज्यांच्या घरी काही नव्हते ती मुले स्वयंपाकघरात राबून शिकत. मामंजी त्यांतलेच एक होते. वहीत त्यांनी ते लिहिले नव्हते. सासूबाईंना विचारूनच ती गोष्ट प्रबंधिकेत आली.

मुदतीत प्रकरण निम्म्यानेच पूर्ण झाले. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी त्या त्रोटकपणाबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी घडले ते सांगितले. श्रेणी मिळाली ‘बी प्लस’. दोन अंक कमी, गुणिले ६ श्रेयांक, म्हणजे १२. भागिले २२, सत्राची सरासरी सुमारे ०.५५ ने खाली आली. चारही सत्रांच्या ८८ श्रेयांकांवर पसरल्यावर तोटा उरला जेमतेम ०.१४. हा हिशेब त्यांनी वाण्याच्या यादीच्या पाठीमागे मांडला आणि कागद घडी करून ठेवून दिला.

परीक्षा एका दिवसाची होती तोवर पर्यवेक्षक समोर उभा असे. आता अभ्यासाचा मोठा भाग घरी, एकांतात होतो, आणि तेथे पर्यवेक्षक ज्याचा त्यालाच व्हावे लागते. विद्यापीठ श्रेयांक मोजते. श्रेय ज्याचे त्याला देण्याचे काम मात्र विद्यार्थ्याकडेच राहते.

प्रबंधिकेची एक प्रत आज देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आहे. सासूबाईंना वाचता येत नाही. पण दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर मामंजींचे नाव कुठे छापले आहे, ते त्यांना बोट ठेवून दाखवता येते.