खिशातला रोटर

आमच्या जीपला दरवाजे नाहीत. वर ताडपत्री, तीही फाटकी. मोडीत निघालेली पेट्रोल जीप घेऊन बाबांनी आणि मी एकेक पार्ट शोधत ती पुन्हा जोडली. (महिंद्रांनीही १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीप सुट्या भागांतूनच जोडायला घेतल्या होत्या.) बाबा गेले, जीप राहिली.

गेल्या चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला ती घेऊन येरमाळ्याला गेलो. आत्याच्या घराला ना कुंपण ना गेट, आणि गावात ही गर्दी! मग काय, आमच्या धंद्यात एका पासवर्डवर कोणी विसंबत नाही. स्टिअरिंगमधून साखळी ओवून चासीला कुलूप लावलं. बॅटरीची केबल काढली. शेवटी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून रोटर खिशात टाकला. अंगठ्याएवढी वस्तू, पण ती नसली की प्लगला ठिणगीच जात नाही.

तरी तीनदा उठून बाहेर डोकावलो. तिसऱ्यांदा पाहतो तर जीपशेजारी बाज टाकून मामा आडवे झालेले.

"झोप जा आता. मी हाय की हितं."

सकाळी पँट गायब. आत्यानं भिजत घातली होती! माझा चेहरा बघून म्हणाली, "खिशातलं ते काळं बटण व्हय? देवापाशी ठिवलंय."

ढकलून नेणाऱ्याला, ताडपत्री फाडणाऱ्याला रोटर काय अडवणार? त्याला अडवतं ते कोणीतरी जागं असणं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत कॅमेरे सोळा आहेत. शेजाऱ्याचं नाव मात्र मी परवा विचारलं.

असो. रोटर अजूनही काढतोच.